टेकडीवरची पाच पानं

"काकू, आधी इकडे या! धाकटीचं काही खरं नाही आता."

सरांची हाक ऐकून काकू नमुन्यांच्या खोलीतून तडक बाहेर आल्या. या संशोधन संस्थेतली पानं आणि लाकडं त्या वीस वर्षं सांभाळत होत्या. टेबलावर धाकटीचा कागद होता. चिठ्ठीवर छापलं होतं, 'कोरडी टेकडी'. खाली चिकटवलेली पाच पानं मात्र तळहाताएवढी, पातळ. चार सुलटी, पाचवं पालथं.

"टेकडीवर पाणी नाही. तिथं याच झाडाची पानं बारकी, जाड होतात," धाकटीबरोबर काम करणारा चष्मेवाला म्हणाला. तक्रार त्यानंच केली होती. "बाईसाहेब टेकडी चढल्याच नाहीत. ओढ्याकाठची पानं तोडली आणि दिलं ठोकून!"

"काकू, शप्पथ, मी चढले होते!" धाकटी रडकुंडीला आली. खोटी ठरली तर नुकतीच मिळालेली कायमची जागा जाणार होती, वर हकालपट्टी.

त्या जागेवर चष्मेवाल्याचा डोळा होता. धाकटीच्या सख्ख्या बहिणीचा, ताईचाही होता. तिला तर इथं बारा वर्षं झाली होती. जळणं म्हणजे काय ते काकूंना चांगलं ठाऊक. जावेला बढती मिळाली तेव्हा महिनाभर त्यांच्याच पोटात दुखत होतं.

"कागद सगळ्यांच्या कपाटात कधी ठेवलास?"

"सोमवारी."

"आणि लाकूड?"

"खोडातली काडी तुमच्याच हातात दिली होती ना!"

काकूंनी आपल्या कपाटाचं कुलूप काढलं. टेकडीची काडी आणि ओढ्याकाठची काडी, दोन्ही सारख्याच मापाच्या, त्यांनी पाण्यात टाकल्या. ओढ्याकाठची मजेत तरंगली. टेकडीची जवळजवळ बुडाली.

"कोरड्यात वाढलेलं लाकूड घट्ट, जड. पोरगी चढली होती. पानं मागाहून बदलली कुणीतरी."

सगळ्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. "अहो, मी कशाला बदलू?" त्याची तंतरली.

"तुमचे कागद आणा. ताई, तुझेही."

चष्मेवाल्याची सगळी पानं सुलटी निघाली. ताईच्या प्रत्येक कागदावर शेवटचं पान पालथं होतं.

"धाकटीनं चिकटवलेले चाळीस कागद मी स्वतः कपाटात लावलेत," काकू म्हणाल्या. "एकही पान पालथं नाही. मागच्या शिरा दिसाव्यात म्हणून तसं चिकटवायची सवय इथं फक्त ताईला. चिठ्ठी जुनीच लावलीस गं, पण हात आपल्या वळणावर गेला. आणि तू पडलीस पानांवर काम करणारी. लाकडाचा विचारच केला नाहीस."

ताई आधी हसली. मग भडकली.

"हो, जळले मी! हिला झाडं ओळखायला कुणी शिकवलं? मी! आणि जागा हिला?" ती बहिणीकडे वळली. "हिनं एकदा तरी म्हणायचं, ताई, तू घे. मी मागितली असती तर दिली असतीस?"

धाकटीनं डोळे पुसले.

"नाही, ताई. तुझे फ्रॉक, तुझं दप्तर, तुझं टेबल. जन्मभर तुझं वापरलेलंच वापरत आले मी. ही एकच गोष्ट नवीकोरी मिळाली होती. नसती दिली."