पुरवणीतलं पान

बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढायला मी भोसरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. गर्दीत दुकानवाल्या शालनबाईंनी माझ्या हातात भलताच गठ्ठा दिला. वरच्या पानावर सुरेख अक्षरात लिहिलेलं – ‘पूर आलेली नदी ओलांडण्याचे नियम’.

“तो... माझा आहे,” मागून आवाज आला. भिजलेला शर्ट, ओशाळलेलं हसू.

“नदी ओलांडायला नियम लागतात?”

“आमच्या खेळात लागतात.”

त्याचं नाव निरंजन. चाकणला कंपनीत कामाला. दर रविवारी दुपारी कुरुळीला त्याच्या खोलीवर मित्र जमायचे. तो गोष्ट सांगायचा, बाकीचे योद्धे-जादूगार होऊन तिच्यात वावरायचे आणि कुणाचं काय होईल ते फासे ठरवायचे. नियमांचं मूळ पुस्तक वेगळं होतं. ही त्याची पुरवणी, त्याने स्वतः मराठीत उतरवलेली.

“मूळ पुस्तकात मावलं नाही, म्हणजे गरजेचं नसणार,” मी म्हटलं.

“रविवारी या... मग भांडा.”

मी गेले. खेळात वैद्य झाले आणि खरंच भांडले. लढाईला एक पुस्तक पुरतं की! धुक्याला, तापाला, वाट चुकण्याला कशाला हवेत नियम? तो नुसता हसायचा आणि चहाचा पहिला कप माझ्याकडे सरकवायचा.

श्रावणातल्या एका रविवारी, खेळात, निरंजनच्या मित्राचा, नवनाथचा, म्हातारा वाटाड्या दरीत पडून मेला.

“मेला की नवं पात्र घ्यायचं, एवढंच आहे पुस्तकात,” नवनाथ म्हणाला. “चला राव, पुढे.”

निरंजनने पुरवणी उघडली. “इथं एक पान आहे. गेलेल्या सोबत्याशी प्रत्येकाने एकदा बोलायचं. त्याशिवाय पुढची वाट उघडत नाही.”

माझी पाळी आली. “तुमचा फोन आला तेव्हा मी कंपनीत मशीनवर होते... नंतर करते म्हटलं...”

त्या खेळात फोन नसतात. तरी नवनाथने हातातले फासे खाली ठेवले. पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. बाबांना जाऊन चार महिने झाले होते आणि मी पहिल्यांदाच रडत होते.

निरंजन बसस्टॉपपर्यंत सोडायला आला.

“हरले मी,” मी म्हटलं. “पुरवणी लागते.”

तो हसला नाही. “दीक्षा... आमच्या कंपनीचं काम गुजरातला हलतंय. मंगळवारी निघायचंय.”

“कधी कळलं?”

“तुम्ही पहिल्यांदा आलात, त्याच्या आदल्या दिवशी.”

“आणि बोलला नाहीत?”

“बोललो असतो, तर तुम्ही परत आला नसतात.”

खरं होतं ते. आणखी एक निरोप मला झेपला नसता. त्याच्यावर रागवावं म्हटलं, तर त्याच्याकडे बघवेना.

“मला तू आवडतोस,” मी म्हटलं. तोंडून पहिल्यांदाच ‘तू’ गेलं. “थांब म्हणत नाही. पण हे नंतर सांगू म्हणून... ठेवायचं नव्हतं.”

त्याने माझा हात धरला. “मलाही... त्या दुकानातच.”

भोसरीची बस आली, गेली. दुसरीही आम्ही जाऊ दिली. तिसरी आली तेव्हा तो काही हात सोडेना. शेवटी मीच सोडवून घेतला आणि चढले. खिडकीची काच वाफेने पांढरी झाली होती, पलीकडे तो उभा होता. मी ती पुसली नाही.