उसनी प्रस्तावना

"त्या माणसाला मी मातीत घालणार आहे," खुर्चीत टेकायच्या आधीच प्रोफेसर वुकाशिन म्हणाले. "नोकरीतून काढीन, कोर्टात खेचीन. तुम्ही फक्त नाव आणून द्या."

दाफिनाबाईंनी कॉफीचा कप त्यांच्याकडे सरकवला. बेलग्रेडमध्ये खासगी गुप्तहेराकडे येतात ते नवऱ्याच्या नाहीतर बायकोच्या मागावर. लेखाची प्रस्तावना घेऊन आलेला हा पहिलाच पक्षकार! बाईंचा मदतनीस गवरिलो अंगाने आडदांड आणि डोक्याने जरा सावकाश. प्रस्तावनेपायी माणूस इतका पेटतो, हेच त्याला नवल वाटत होतं.

पेटायला कारण मात्र होतं. वुकाशिन त्यांच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे अधिष्ठाता होणार होते. तेवढ्यात धरणाच्या भेगांवरचा त्यांचा नवा लेख छापून आला, आणि प्रस्तावनेतले पहिले दोन परिच्छेद एका जुन्या अहवालातून शब्दन्‌शब्द उचललेले निघाले. त्याच दिवशी दुपारी चौकशी समिती बसणार होती. तिथे चोर ठरले, तर खुर्चीही गेली आणि अब्रूही.

"ते दोन परिच्छेद कुणीतरी घुसडलेत," वुकाशिन गरजले. "बाकीची प्रस्तावना माझ्या हातची आहे. एकेक अक्षर सिरिलिकमध्ये टाइप केलंय. सर्बियन हल्ली लोक रोमन लिपीतही लिहितात, पण मी तिला शिवत नाही, बाई. जो आपली लिपी सोडतो, तो उद्या आईलाही सोडेल!"

ते गेल्यावर गवरिलोने लेख मोठ्याने वाचायला घेतला. उचललेले दोन परिच्छेद सोडले आणि तिसऱ्यावर आला. पहिल्याच ओळीत जीभ अडखळली.

"हे काय लिहिलंय? धरणाच्या भेगेत सिमेंटचा रस दाबून भरतात, त्याला इन्-येक्तिरान्ये म्हणतात. सुरुवातीचा न वेगळा, य वेगळा. इथं दोघांना चिकटवून एकच अक्षर केलंय."

"एकदाच?"

"छे, पानभर! प्रोफेसर म्हणे. माझ्या मास्तरांनी कान उपटला असता."

"आपल्याला मात्र या चुकीने कामाचं सांगितलंय," बाई म्हणाल्या आणि कोट चढवून निघाल्या.

महाविद्यालयाच्या उपाहारगृहात वुकाशिनचे प्रतिस्पर्धी प्रोफेसर ओब्राद बुरेक खात होते. "बोंब मीच मारली," ते तेलकट बोटं पुसत म्हणाले. "त्याचा काटा मला काढायचाच होता, लपवू कशाला? पण घुसडाघुसडी माझ्या बापाच्यानं व्हायची नाही. तो अहवाल स्मिल्या वर्गात मुलांना दाखवते, म्हणून माझ्या ध्यानात राहिला."

स्मिल्या भावी इंजिनियरांना संशोधनाची प्रस्तावना लिहायला शिकवायची. बाई पोचल्या तेव्हा तिचा वर्ग रंगात आला होता.

"वाचा, मग पुस्तक मिटा, आणि समजलं तेवढंच लिहा," ती सांगत होती. "पुस्तक उघडं ठेवून लिहाल, तर हात आपोआप चोरी करतो. आता या मजकुरात मी दुसऱ्याचे परिच्छेद शिवलेत. शिवण कुठं आहे, शोधा."

"बाई, शिवण इतकी छान आहे, तुम्ही शिंपीण व्हायला हवं होतं!" मागून एक पोरगी म्हणाली आणि वर्ग हसला.

फळ्यावर आणि मुलांच्या कागदांवर सगळं रोमन लिपीत होतं. तास संपल्यावर दाफिनाबाईंनी विचारलं, "नेहमी रोमनच?"

"मोबाइलवर पोरांना तेच सोपं जातं. मलाही."

"हे मजकूर तयार कुठं करता?"

"स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर. तो सगळ्यांना उघडा असतो."

"वुकाशिन सरांनाही?"

"त्यांना सगळ्यांच्या आधी." स्मिल्याचा चेहरा कडक झाला. "माझे गुरू होते ते. माझा प्रबंध त्यांनी स्वतःच्या नावावर छापला. मी तक्रार केली, तर समितीने मलाच चोर ठरवलं. पदवी गेली."

"शिव्याशाप देता त्यांना?"

"रोज. जेवणाआधी."

दुपारी समितीच्या दाराबाहेर बाईंनी वुकाशिन आणि स्मिल्याला समोरासमोर बसवलं.

"नाव मिळालं, सर. ते परिच्छेद स्मिल्याबाईंनी घातले."

"वाटलंच मला! ही नागीण! बोलवा पोलिसांना!"

"बोलवू. आधी ऐका. रोमनमध्ये न आणि य शेजारी आले, की सिरिलिकमध्ये कधी त्यांचं एक अक्षर होतं, कधी दोन राहतात. माणसाला ते कळतं, यंत्राला कळत नाही. रोमनचं सिरिलिक कर म्हटलं, की ते दोघांना सरसकट चिकटवतं. जन्मभर सिरिलिक टाइप करणाऱ्याची बोटं अशी चूक पानभर करणार नाहीत. आणि ती आहे तुमच्या 'हातच्या' परिच्छेदांत. म्हणजे अख्खी प्रस्तावना मुळात रोमनमध्ये होती. तुमची नव्हतीच."

वुकाशिननी हातातला लेख घाईघाईने बॅगेत कोंबला.

"रोमनमध्ये लिहिणारी, तो अहवाल वर्गात वापरणारी, दुसऱ्याचे परिच्छेद बेमालूम शिवणारी इथे एकच आहे. तिने तुमच्या लेखाला बोटही लावलं नाही. मजकूर शिवला आणि उघड्या कॉम्प्युटरवर ठेवून दिला. बरोबर ना, स्मिल्याबाई?"

"फाइलला 'माझा नवा लेख' असं नाव दिलं," स्मिल्या शांतपणे म्हणाली. "वर्गातल्या मजकुरावर मी 'चोर ओळखा' असं लिहिते. तेवढं लिहायचं राहिलं."

"अरे बाप रे!" गवरिलोच्या तोंडून निघून गेलं.

"करा तक्रार, सर," दाफिनाबाई म्हणाल्या. "हिने मला फसवलं, असं लिहा. कसं फसवलं ते मात्र सांगावं लागेल. हिचं समजून मी उचललं, म्हणून."

वुकाशिन स्मिल्याकडे झुकले. आवाज एकदम मऊ झाला. "स्मिल्या, काय हवंय तुला? अगं, पदवी परत मिळवून देतो. आत फक्त सांग, चुकून झालं."

"तुमच्या हातची भीक नको मला!" ती कडाडली. "किती वर्षं जळतेय मी, ठाऊक आहे?"

दार उघडलं. आतून वुकाशिनचं नाव पुकारलं गेलं. ते जागचे हलले नाहीत.

"चला ना, सर," स्मिल्या उठत म्हणाली. "अहवालातून उचललं म्हणालात, तरी चोर. माझं उचललं म्हणालात, तरी चोर. पण अहवाल लिहिणारे मेलेत. मी जिवंत आहे, आणि तुम्ही काय म्हणता ते मला ऐकायचंय."

आणि त्यांच्या आधी आत जाऊन ती पहिल्या रांगेत बसली.