फॉरच्या पुढचं ठिकाण

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली, आणि माझा श्वासही. तेवढ्यात वरून आवाज आला.

"मॅडम, घाबरू नका. मी दुरुस्तीवाला. बोलत राहा... काय करता तुम्ही?"

"इंग्रजी शिकवते. सहाव्या मजल्यावर."

"मग सांगा, फॉर म्हणजे काय?"

"...साठी."

"एवढंच? आमच्या मॅन्युअलमध्ये तर तो जिथे तिथे लुडबुडतो."

दार उघडलं. ग्रीसने माखलेला हात पुढे आला आणि मी तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

त्या दिवसापासून मी जिनाच चढायचे, आणि तो माझ्या क्लासच्या शेवटच्या बाकावर बसायचा. त्याला कंपनीची परीक्षा द्यायची होती. पास झाला की बढती, पण दूरच्या शहरात. मी जीव ओतून शिकवत होते आणि तो पास होईल याचीच भीतीही वाटत होती. स्वतःच्याच पायावर धोंडा, दुसरं काय!

"फॉर टू इयर्स, म्हणजे दोन वर्षं. साइन फॉर मी, म्हणजे माझ्या वतीने. लीव्ह फॉर द स्टेशन, म्हणजे स्टेशनकडे निघणं."

"म्हणजे सोडणं नाही?"

"नाही."

तो पास झाला. मग तीन दिवस आलाच नाही. चौथ्या दिवशी मेसेज आला — 'आय ॲम लीव्हिंग फॉर यू.'

तुमच्यामुळे सोडून चाललोय... मी असंच वाचलं. मन चिंती ते वैरी न चिंती. माझं काय चुकलं? फार ओरडले का? की डोळ्यांतलं त्याला कळलं आणि नको वाटलं? मी धावत सुटले आणि जिना विसरून थेट लिफ्टमध्ये शिरले. सहा मजले मी डोळे मिटून उतरले.

दार उघडलं, तर समोर तोच. खांद्याला हत्यारांची पिशवी.

"जाताय?" मी विचारलं.

"आलोय. लीव्ह फॉरच्या पुढे जिथे जायचं ते लिहायचं, तुम्हीच शिकवलंत ना? मी... तिथे तुम्हाला लिहिलं."

"आणि बढती?"

"नको म्हणालो. तिथल्या लिफ्ट अडकत नाहीत म्हणे."

मला हसू आलं, पण भीती काही जाईना. "किती दिवस थांबणार?"

"फॉर गुड. हा तुम्ही शिकवला नव्हता, मी शब्दकोशात शोधला. कायमचं."

मी त्याचा हात धरून त्याला आत ओढलं आणि सहाचं बटण दाबलं. या वेळी डोळे उघडे ठेवले.