हळदीचं धोतर आणि सखुआत्याचा पालक

"साबण लावलास ना? खरं सांग!" शकुने दटावलं.

"आईशप्पथ नाही गं!" भीमराज रडकुंडीला आला. दादाच्या हळदीचं धोतर नदीवर नुसतं खळबळून आणा, साबण लावू नका, असं आईने दोघा भावंडांना बजावलं होतं. आणि धोतर तर लालभडक! आता आई सालटी काढणार हे नक्की.

शकु विचारात पडली. हळदीला साबण-सोडा लागला की ती लाल होते, हे मरोळच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग इथे सोडा आला कुठून? तिने हळदीचा रुमाल घेतला. कापड धुवायच्या कारखान्याचं सांडपाणी जिथे नदीत पडत होतं, त्याच्या वरच्या अंगाला तो बुडवला, तर पिवळाच राहिला. खालच्या अंगाला बुडवला, तर लाल!

"वाट लागली!" शेजारचा अनंता म्हणाला. "यार, तुमची आत्या हेच पाणी पालकाला घालते ना?"

सखुआत्याचा पालक करपत चालला होता, वाफ्यांवर पांढरा खार चढला होता. ती मळा सोडून द्यायच्या गोष्टी करायला लागली होती. कारखान्याचे मॅनेजर श्यामसुंदरसाहेब मात्र तिलाच शहाणपण शिकवायचे, की खत जास्त होतंय, पाणी अगदी गंगेसारखं आहे. ते आठवून शकुला असा राग आला म्हणता!

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मांडवात साहेब पांढराशुभ्र शर्ट घालून जेवायला आले. उरलेल्या हळदीचं ताट घेऊन भीमराज नेमका त्यांच्यावरच धडकला. एरवीही तो धांदरटच, पण आजची धडक ठरवून होती. शकु तांब्या घेऊन हजर. नदीचंच पाणी आहे, गंगेसारखं, असं तिने मोठ्याने सांगितलं. चार माणसांत साहेबांना नाही म्हणता येईना. त्यांनी शर्ट चोळला आणि पोटावर लाल नकाशा उमटला. मांडवभर हशा पिकला.

शकुने लिंबाची फोड पुढे केली. "हे चोळा, साहेब, परत पिवळं होईल. पण आत्याच्या पालकाला लिंबू चोळून चालत नाही ना!"

हसणं थांबलं. साहेबांनी मान खाली घातली. सोड्याचं पाणी नदीत सोडणार नाही, आणि नदी निवळेपर्यंत कारखान्याच्या विहिरीचं पाणी मळ्याला देईन, असा शब्द त्यांनी सगळ्यांसमक्ष दिला.

"माझा मळा राखलात रे पोरांनो," म्हणत आत्याने तिघांना पोटाशी धरलं. आईनेही शकुची पाठ थोपटली, आणि त्याच हाताने लाल धोतर तिच्यासमोर धरलं.

"लिंबू घे," ती म्हणाली, "आणि बस चोळत."