आत्याच्या प्रार्थनेला आमेन

माझं लग्न ठरल्याची बातमी मला एका अनोळखी माणसानं दिली, आणि ती देताना त्याच्या ओठांत एक स्क्रू धरलेला होता.

त्याचं असं झालं... रविवारची उपासना नुकतीच संपली होती. ऑर्गन बंद करून मी दाराशी आले, तर आत्यानं मला कवेतच घेतलं. कपाळाचा मुका घेतला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "इतक्या सहज तयार होशील असं वाटलं नव्हतं गं! थांब, आधी त्यांना फोन करते." आणि गेलीसुद्धा. मी दारात आ वासून उभी. तयार? कशाला? आणि फोन... कोणाला?

प्रार्थनेत काहीतरी घडलंय, एवढाच उजेड पडला. आमच्याकडे उपदेशानंतर मोकळी प्रार्थना असते. ज्याला वाटेल त्यानं जागेवर उभं राहून मोठ्यानं मागायचं, आणि शेवटी सगळ्या मंडळीनं मिळून म्हणायचं – आमेन. म्हणजे, तसंच होवो, हे मागणं आमचंही. या वेळेची कायमची मानकरी म्हणजे आत्या. ती उभी राहिली की मी पुढच्या गीताचं पान काढते, पाय पेडलवर नीट ठेवते, आणि तिचा आवाज उतरणीला लागला की आमेन म्हणते. आजही म्हटलं होतं. चांगलं खणखणीत.

मी धावत पुन्हा आत गेले. बाकं रिकामी झाली होती, मेणबत्त्या विझवल्याचा वास हवेत तरंगत होता. ऑर्गनच्या कुशीतलं बुटकं लाकडी दार उघडं होतं आणि त्यातून दोन पाय बाहेर आले होते.

"कोण आहे तिथं?" मी ओरडले.

पाय आत गेले, डोकं बाहेर आलं. केसांवर धूळ, ओठांत स्क्रू. ऑर्गन दुरुस्त करायला माणूस येणार आहे, असं पपा म्हणाले होते. (पपा म्हणजे आमच्या चर्चचे पाळकसाहेब.) पण तो माणूस भर उपासनेत माझ्यापासून हातभर अंतरावर, लाकडापलीकडे बसलेला असेल, हे मला कोण सांगणार!

"तुम्ही उपासनेत इथंच होता?"

"हो. रिकाम्या चर्चमध्ये सूर वेगळा लागतो आणि माणसं भरली की वेगळा. दोन्ही ऐकावं लागतं."

"मग त्या मोठ्या आवाजाच्या बाईंनी... प्रार्थनेत काय मागितलं?"

त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुमचं लग्न."

"काय?"

"त्यांच्या मैत्रिणीच्या मुलाशी. दंतवैद्य आहे म्हणे. तुम्ही आमेन म्हणालात की. या लाकडातून ऐकू आलं मला."

मी पहिल्या बाकावर मटकन बसले. माझं लग्न, माझ्याच तोंडानं, भर मंडळीत... आणि मी तेव्हा पान शोधत होते!

"त्याआधी त्या आणखीही बरंच काही—" त्यानं सुरुवात केली.

"पुरे! एक शब्द नको."

"बरं." मग थोडं थांबून, "अभिनंदन म्हणू, की..."

"म्हणून तर बघा!"

तो हसला नाही. स्क्रू खिशात टाकला आणि पाण्याची बाटली पुढे केली. त्याच्या हाताला लाकडाचा वास येत होता. तेवढ्या गोंधळातही ते माझ्या लक्षात आलं, याचाच मला दुसरा धक्का बसला.

घरी आत्या बटाटे सोलत होती.

"आत्या, मी ऐकलंच नव्हतं गं. सवयीनं म्हटलं."

"सवयीनं? देवासमोर?" सुरी हवेतच थांबली. "हे बघ, मंडळीत उभं राहून म्हटलेलं आमेन स्वयंपाकघरात मागं घेता येत नाही. ते लोक पुढच्या रविवारी जेवायला येतायत. मुलगा गुणी आहे. कमी बोलतो."

"तू बोलू दिलंस तर बोलेल ना!"

"तुला वाढवताना मी कुठं कमी बोलले, आणि तुझं काय वाईट झालं?"

मी लहान असतानाच आई गेली. तेव्हापासून आत्यानंच मला वाढवलं, रागावून, भरवून आणि अखंड बोलून. पपांकडे दाद मागायला गेले, तर ते मंडळीनं वादळात निर्भय कसं राहावं यावर उपदेश लिहीत होते. घरातलं वादळ पाहून त्यांनी हळूच खोलीचं दार लोटून घेतलं.

ऑर्गनच्या नळ्या सुरात लावायच्या, तर एक माणूस आत हवा आणि एक बाहेर पट्ट्या दाबायला. पपांनी बाहेरचं काम माझ्याकडे दिलं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि संध्याकाळी चर्चमध्ये येऊन बसायचं, असा माझा आठवडा सुरू झाला.

"दाबा," आतून आवाज यायचा. मी दाबायची.

"सोडा." मी सोडायची.

"नवऱ्याचं इतकं ऐकलंत तर संसार सोन्यासारखा होईल."

"दंतवैद्याचं ना? 'आ करा, बंद करा.' सरावच चाललाय माझा."

आतून हसू आलं. त्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच की काय, बोलणं सोपं जात होतं. तो गावोगावचे ऑर्गन दुरुस्त करत फिरायचा. दर रविवारी नवं चर्च, नवी मंडळी. स्वतःचं म्हणावं असं बाक कुठंच नाही.

"तुमच्या आत्या उपासनेत बोलतात ना, तेव्हा इथली एक नळी थरथरते," तो एकदा म्हणाला. "कुठली, ते शोधण्यासाठी मी कान देऊन बसलो होतो. मग नळी राहिली बाजूला, शब्दच ऐकत बसलो."

"बिचारे तुम्ही."

"का? तुम्ही लोक एकत्र कशाला जमता मग?"

"उपासनेला!"

"देव तर रिकाम्या खोलीतही ऐकतो. मी रोज त्याच्याशी या नळ्यांमध्ये बसून बोलतो. मग रविवारी नीट कपडे करून, शेजारी शेजारी बसून, मोठ्यानं कशाला मागायचं? शेजारच्यालाही ऐकू जावं म्हणूनच ना?"

"मोठे आले उपदेशक!"

"पाळकांच्या मुलीला एवढं तर कळायला हवं."

"पाळकांच्या मुलीला उपदेश पाठ असतात. ऐकावे लागत नाहीत."

"हं..." आतून एवढंच. माझं मलाच ते वाक्य बोचलं.

थोड्या वेळानं मी विचारलं, "तुम्ही म्हणालात का आमेन? त्या दिवशी?"

"अर्ध्याला."

"अर्ध्याला आमेन? असं कुठं असतं?"

"मनातल्या मनात असतं."

"कुठल्या अर्ध्याला?"

"ती पट्टी सोडा आधी... कधीची दाबून धरलीये."

खरंच की! सूर सगळ्या चर्चभर घुमत होता आणि मला तो ऐकूच आला नव्हता. मी घाईनं बोट उचललं. तेवढ्यात बुटक्या दारातून हात बाहेर आला, पकड मागत. मी पकड दिली. बोटांना बोटं लागली. हात लगेच आत गेला नाही आणि मीही पकड लगेच सोडली नाही.

"दाबा," शेवटी तो म्हणाला.

"कुठली?"

"...कुठलीही."

शनिवारी काम संपलं. अवजारं पेटीत भरता भरता तो म्हणाला, "उद्या भरल्या चर्चमध्ये एकदा ऐकतो आणि निघतो. पुढच्या गावाला कबूल केलंय."

"हो का," मी म्हटलं. घरी येऊन आरशात पाहिलं तर भूत पाहिल्यासारखा चेहरा. मी त्या माणसाच्या प्रेमात पडले होते! एका आठवड्यात, लाकडाच्या भिंतीआडून! आणि उद्या तो जाणार होता, दंतवैद्य जेवायला येणार होता, आणि माझ्या तोंडून निघालेलं आमेन परत घ्यायला सगळ्या जगात एकच जागा होती.

रविवारी चर्च भरलेलं होतं. उपदेश संपला. आत्या नेहमीप्रमाणे उठायला लागली आणि तिच्याआधी मीच उभी राहिले. ऑर्गनवरून कोणी उभं राहत नाही. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"मागच्या रविवारी आत्यानं माझ्यासाठी प्रार्थना केली," मी म्हटलं. "मी तिला आमेन म्हटलं. पण मी ऐकत नव्हते. गीताचं पान काढत होते. ते आमेन खोटं होतं. मी ते मागं घेते. मला ते लग्न करायचं नाही."

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. आता पपा मला खाली बसवणार, असं वाटलं. ते व्यासपीठावर उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मीसुद्धा," ते म्हणाले, "ऐकत नव्हतो. उशीर झाला होता, म्हणून घड्याळ बघत होतो. पण आमेन मात्र म्हटलं."

पाळकसाहेब! भर व्यासपीठावरून! मी पाहतच राहिले. तोवर दुसऱ्या रांगेतल्या मुख्याध्यापिकाबाई खाली बघत पुटपुटल्या, "मीही नव्हते ऐकत." मग औषधांच्या दुकानदारांनी घसा खाकरला. "मीसुद्धा... खरं तर दर वेळी." मग आणखी कोणी, मग आणखी कोणी. मागून हसण्याची एक लकेरही आली.

मला हसू आलं नाही. मी आत्याकडे पाहत होते. ती पुढच्या बाकाची पाठ धरून उभी होती.

"कोणीच?" ती म्हणाली. इतक्या हळू आवाजात ती बोलू शकते, हे मला माहीत नव्हतं. "इतकी वर्षं... कोणीच नाही?"

मी स्वतःला सोडवायला उठले आणि हिला असं भर मंडळीत एकटं पाडलं! तेवढ्यात ऑर्गनचं बुटकं दार करकरलं. तो बाहेर आला, धुळीनं माखलेला. अख्खी मंडळी दचकली. तिथं कोणी बसलंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"मी ऐकत होतो," तो आत्याला म्हणाला. "तुम्ही म्हणालात, प्रभू, हिची आई गेली तेव्हा घर मुकं झालं. ते मला सोसवेना, म्हणून मी बोलायला लागले, आणि अजून बोलतेच आहे. आता मी थकले. माझ्यामागे हिच्याजवळ असं कोणी असू दे, जो हिचं ऐकून घेईल." तो थांबला. "इथपर्यंत मी आमेन म्हटलं होतं. पुढे दंतवैद्य आले."

हे मागितलं होतं तिनं? माझ्याच पाठीमागे, दर रविवारी, असं काही मागत आली होती ती? मी पायरी उतरून तिच्याकडे गेले आणि तिचा हात धरला.

"आमेन," मी म्हटलं. "इथपर्यंत... आमेन, आत्या."

"आमेन," पपा म्हणाले. आणि मग सगळी मंडळी, एकदम नाही, एकेक करून, विचार करून म्हटल्यासारखी.

आत्यानं डोळे पुसले. मग तिची नजर त्याच्याकडे वळली आणि आवाज मूळ पदावर आला. "आणि तू कोण रे?"

"ऑर्गन दुरुस्त करतो."

"ते दिसतंय. माझ्या मागण्याशी तुझा काय संबंध?"

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. कान लाल झाले. लाकडाआड इतकं बोलणारा माणूस, आणि आता वाचाच बसली!

"संबंध आहे, आत्या," कोणीतरी म्हणालं. बघते तर मीच.

मंडळीत एकच खळबळ झाली. मुख्याध्यापिकाबाईंच्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. आत्या माझ्याकडे बघत होती, त्याच्याकडे बघत होती. पपांनी व्यासपीठाची कड घट्ट धरली होती.

"आज निघणार होतो," तो कसाबसा म्हणाला. बोलत होता आत्याशी, पण पाहत होता माझ्याकडे. "आता... पाय निघत नाही. मला ही आवडते. म्हणजे, फार आवडते."

"आणि तुला?" आत्यानं मला विचारलं. "नीट ऐकलंस ना, तो काय म्हणाला ते?"

"ऐकलं. मलाही तो आवडतो."

आत्या बराच वेळ काही बोलली नाही, हा त्या दिवसातला सगळ्यात मोठा धक्का. मग तिनं पर्स उचलली. "पाळकसाहेब, मला बाहेर जाऊन एक फोन करावा लागेल. माफी मागायची आहे, वेळ लागेल. तुम्ही उपासना पुढे चालवा." दोन पावलं गेली आणि वळली. "आणि तू रे, हातपाय धुऊन जेवायला ये. पाहुण्यांसाठी रांधलेलं वाया कशाला घालवायचं?"

पपांनी पुढचं गीत सांगितलं. मंडळी उभी राहिली. तो आत दडून बसला नाही, ऑर्गनशेजारी उभा राहिला आणि मी पट्ट्यांवर हात ठेवले. मी त्याच्याकडेच बघत राहिले आणि पहिलाच सूर साफ चुकला. अख्ख्या चर्चनं माना वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी सगळे ऐकत होते.