मणियाराने न भरलेल्या बांगड्या

चोपड्याच्या प्रमिलाबाई धुळ्याच्या दवाखान्यात अडून बसल्या. मनगटाच्या नाडीतून बारीक नळी थेट काळजापर्यंत न्यायची, तर उजव्या हातातला काचेचा चुडा आधी उतरायला हवा. तोच उतरेना.

“फोडू या,” सिस्टर मंतशा म्हणाली.

“मना मालक जित्ता शे. बांगडी फोडू देवाव नही.”

डॉक्टर म्हणाले, मग मांडीतून नळी घालू. बाईंनी असे डोळे वटारले की डॉक्टरच मागे सरकले.

शेवटी आग्रा रोडवरून बांगड्या भरणारा मणियार बोलावला. वाटलं, कोणी म्हातारा येईल... आला तो उंच, सावळा, पापण्या मुलीसारख्या लांब. नाव नईम. मंतशाने एकदा पाहिलं आणि ट्रे आवरायला घेतला. आवरलेलाच होता.

नईमने बाईंचा पंजा साबणाने माखला, अंगठा आत दुमडला. “अक्का, चोपड्याकडे केळीचं पीक कसं आहे यंदा?” बाई केळीत रमल्या आणि इकडे एकेक बांगडी अल्लाद सुटली.

“हात हलका आहे तुमचा,” मंतशा म्हणाली.

“तुमचाही असणार. काळजापर्यंत पोहोचता, टाका न घालता.”

ती लाजली. मास्क होता म्हणून अब्रू वाचली.

तपासणी नीट झाली. दुसऱ्या दिवशी मनगटावरची पट्टी निघाली, तसा नईम चुडा भरायला हजर. वॉर्डातल्या बायांनीही हात पुढे केले. त्याने सगळ्यांना भरल्या. मग मंतशाने हळूच आपला हात पुढे केला—

“तुम्हाला नाही भरणार.”

तिची कानशिलं तापली. “का? काटे आहेत हाताला?”

“आमच्या घरात रीत आहे. जिच्या हातात बांगडी भरली, ती बहीण.” त्याने मान खाली घातली. “बहिणी आज पुष्कळ झाल्या मला.”

“समजनं का, पोरी?” प्रमिलाबाई पदराआड हसल्या.

मंतशाने हात तसाच पुढे ठेवला. “मग... माझे हात असेच राहणार?”

“अम्मी भरेल. पाठवू घरी?”

तिने त्याचं मनगट धरलं, दोन बोटं नाडीवर टेकवली. “फार पळतेय.”

“कालपासून. इलाज?”

“अम्मींना रविवारी पाठवा. माप सैल आणा म्हणावं, ड्युटीला रोज उतरवायच्या आहेत.”

“आणि घरी आल्यावर?”

“अम्मी परत भरतील. तुम्ही बांगडीला हात लावायचा नाही.”

“बांगडीला नाही,” नईम म्हणाला.