तीन दिवसांच्या राजाचा वाडगा

पटो न पटो, पण ही गोष्ट खरी आहे. साखरा गावात, आमच्याच घरात घडलेली. साल १९४६. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आदली रात्र.

तातेराव म्हणजे माझे चुलत आजोबा. इंग्रजांच्या फौजेत होते. जपान हरल्यावर त्यांची पलटण सायगावला गेली.

परत आल्यावर लोक विचारायचे, "सायगाव म्हणजे अंबाजोगाईकडचंच ना?"

"न्हाई रे बाबा. आगबोटीनं जावं लागतं."

तिथे पलटण एका मोठ्या घरात उतरली होती. मालक पळून गेलेले. कोनाड्यात निळ्या नक्षीचा एक वाडगा होता.

समोरच्या मद्रासी दुकानदाराने त्याची हकिगत सांगितली. त्या देशाच्या गादीवर पूर्वी एक राजा बसला. तीनच दिवस टिकला. दरबारातल्या कारभाऱ्यांनी त्याच्यावर खोटा आळ घेतला. खोलीत कोंडून दाराला भिंत घातली. एक पहारेकरी भोकातून गुपचूप भाताचा गोळा द्यायचा. कारभाऱ्यांना ते कळलं आणि पहारेकरी बदलला...

राजा भुकेने मेला.

हे घर त्यातल्याच एका कारभाऱ्याच्या वंशजांचं. पहिला भात या वाडग्यात वाढायचा, मगच घरच्यांनी जेवायचं, अशी त्यांची रीत.

"त्याला हात लावू नका," दुकानदार म्हणाला.

तातेरावांनी वाडगा पेटीत घातला. बायकोला काहीतरी न्यायला हवं होतं ना!

घरी थोरला भाऊ तापाने वारला होता. त्याची विधवा सखुबाई घरातच होती. किल्ल्या मात्र तातेरावांच्या बायकोच्या, मंजुळाबाईच्या कमरेला. थोरल्याच्या वाट्याचं अर्धं वावर जाऊबाई मागतील, याची तिला धास्ती.

सखुबाईंच्या मनगटाची हाडं वर आलेली तातेरावांना पहिल्याच दिवशी दिसली. त्यांनी काही विचारलं नाही. आल्या आल्या घरात कटकट कशाला!

रात्री उरलेली भाकर मंजुळाबाई त्या वाडग्यात ठेवी. वर झाकण घालून वाडगा शिंक्यात टांगी.

सकाळी झाकण जागच्या जागी...

आणि वाडगा रिकामा.

रोज.

"जाऊबाईच चोरून खाऊन राहिल्या," मंजुळाबाई म्हणाली. "धाडा त्यांना माहेरी. मला चोर न्हाई पोसायचा."

तातेरावांनी विचारलं, "वैनी, भाकर तुमी घेता का?"

सखुबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग मान खाली घातली.

आखाजीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, तातेरावांनी त्यांना उपाशीच कडब्याच्या खोलीत कोंडलं. आज भाकर राहिली, तर चोर कोण ते कळणार होतं. कुलूप लावताना त्यांना तो मद्रासी आठवला.

तरी कुलूप लावलं.

शिंक्याखालीच बाज टाकून ते पडले. किती वेळ गेला कोण जाणे...

भिंतीपलीकडून आवाज आला.

कुणीतरी सावकाश घास चावत होतं...

लढाई पाहिलेला माणूस. पण डोळे उघडायची छाती झाली नाही.

पहाटे पाहिलं, तर शिंकं हलत होतं. वारा तर नव्हताच.

वाडगाही नव्हता...

ते खोलीकडे धावले. कुलूप तसंच होतं. दार उघडलं. सखुबाई कडब्याला टेकून बसल्या होत्या. मांडीवर निळा वाडगा. त्याच्या तळाशी पांढऱ्या भाताची शितं चिकटलेली.

आमच्याकडे ज्वारी पिकते. त्या दिवशी घरात तांदळाचा दाणा नव्हता. खोलीला झरोका होता, पण जेमतेम हात जाईल एवढाच. त्यातून वाडगा आत येणं शक्य नव्हतं.



"भावजी," सखुबाई हळूच म्हणाल्या, "रोज उशाशी भाकर तुमीच ठेवत व्हते ना? म्हणून तर बोलले न्हाई. मंजुळेसमोर तुमचं नाव कसं घेऊ? अन् रात्री तर गरम भात दिला." त्या जराशा थांबल्या. "पर नखं काहून इतकी वाढवली?"

तातेरावांनी आपली बोटं पाहिली. नखं फौजी शिस्तीने मुळापर्यंत कापलेली...

'तो मी नव्हतो' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण तसंच मिटून हातातलं कुलूप खाली ठेवलं. घरातलं माणूस उपाशी झोपतंय, हे परमुलखातल्या मेलेल्याला कळलं होतं. त्यांना शरमेनं मान वर करवेना.

पुढे सखुबाई मरेपर्यंत साऱ्या गावाला सांगायच्या, "माझ्या दिरानं मला उपाशी निजू दिलं न्हाई."

तातेराव तिथून उठून जायचे.

त्या दिवसापासून सखुबाई सगळ्यांच्या आधी जेवू लागल्या. वाडग्यातली भाकर सकाळी तशीच राहू लागली. आम्ही आजही त्यात भाकर ठेवतो. कधीच कमी झाली नव्हती.

मागच्या मंगळवारी सकाळी झाकण काढलं...

वाडगा रिकामा.

घरात आम्ही चौघं. प्रत्येकाला विचारलं, "रात्री जेवलात ना?"

सगळे हो म्हणाले.

सुनेने हो म्हणताना मान खाली घातली होती...

पुढे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.